पावलांपुढचे चार सेंटिमीटर

माणसाच्या तंदुरुस्तीचे पाच भाग असतात, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कंपनीच्या कँटीनमधल्या नोटीस बोर्डावरून कळलं. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की माणूस एकतर बरा असतो, नाहीतर रजेवर असतो. नोटिशीत पाचही भाग क्रमाने दिले होते: दमखम, ताकद, स्नायूंचा टिकाऊपणा, लवचीकता आणि पोटाचा घेर. शेवटच्याला त्यांनी काहीतरी सभ्य नाव दिलं होतं, पण मोजायचा पोटाचा घेरच होता. पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांनी नोव्हेंबरअखेर चाचणी द्यायची. पाचांपैकी एकातही कमी पडला तो नापास. आणि नापास झालेल्या कामगाराला 'त्याच्या प्रकृतीला झेपेल असे पर्यायी काम' देण्यात येईल, असं खाली बारीक अक्षरात होतं.

पर्यायी काम म्हणजे पॅकिंग शेड, हे कुणी लिहिलं नव्हतं. पॅकिंग शेड मार्चपासून कंत्राटदाराकडे जाणार, हेही कुणी लिहिलं नव्हतं. पण आमच्या चाकणच्या कारखान्यात न लिहिलेली गोष्ट लिहिलेल्या गोष्टीपेक्षा लवकर पोचते. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शंभरेक माणसं आपापल्या पोटाकडे बघत जेवली. गुलाबजाम होते, तरी उरले.

मी या कंपनीत मापं तपासतो. म्हणजे कारखान्यात जेवढी मोजायची साधनं आहेत, व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेज, अगदी गेटवरच्या वजनकाट्यापर्यंत, ती खरी आहेत की नाहीत हे ठरवणं आणि त्यांच्यावर हिरवं स्टिकर लावणं, हे माझं सत्तावीस वर्षांचं काम. माझ्या सहीचं स्टिकर नसलेली फूटपट्टीसुद्धा आमच्याकडे कुणी हातात धरत नाही. माप खोटं निघालं तर काय करायचं याचे दोन नियम आहेत. एक, त्याला लाल रंग फासून त्याचे तुकडे करायचे, म्हणजे चुकूनही कुणी वापरणार नाही. दोन, मागच्या तपासणीपासून त्या मापाने जेवढे नग पास झाले तेवढे सगळे परत बोलवायचे. हे दोन्ही नियम मी नव्या पोरांना गेली वीस वर्षं शिकवत आलो आहे, आणि ते शिकवताना माझा आवाज थोडा चढतो असं म्हणतात.

पत्र्याचे भाग दाबणाऱ्या प्रेस शॉपमधला नवनाथ याच्यावरून माझी थट्टा करायचा. हा माणूस मूळचा बीडकडचा, चिखलीला राहतो, चोवीस वर्षं एकाच प्रेसवर उभा आहे. एकदा त्याचं गेज मी दोन मायक्रॉनसाठी बाद केलं होतं आणि त्याच्या अख्ख्या शिफ्टचं उत्पादन अडकलं होतं. तेव्हापासून मी दिसलो की तो आपल्या मिशीला बोट लावून विचारायचा, साहेब, ही बसती का मापात. तरीही सकाळचा चहा आम्ही बरोबर घ्यायचो. त्याची मुलगी दीक्षा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिचं शिक्षण होईपर्यंत आपल्याला काही होता कामा नये एवढीच त्याची देवाकडे मागणी होती. अंगात बैलाची ताकद, पण चोवीस वर्षं प्रेससमोर उभं राहून पाठ लाकडासारखी झालेली. बुटाची नाडी तो पाय बाकावर ठेवून बांधायचा.

मी घरी, म्हणजे रावेतला, येऊन आधी स्वतःची तपासणी केली. दमखमाची चाचणी म्हणजे एक फूट उंच पायरीवर तीन मिनिटं चढउतार करायची आणि मग नाडी मोजायची. ती मी बिल्डिंगच्या जिन्यात केली. तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून लिफ्ट बंद आहे का विचारलं, आणि मला बोलता येईना म्हणून त्यांनी पाणी आणलं. ताकदीसाठी हाताची पकड मोजतात. ते यंत्र घरी नसल्यामुळे मी बाथरूममधला वजनकाटा दोन्ही हातांनी दाबून बघितला, तर सत्तावीस किलो आले. स्नायूंच्या टिकाऊपणासाठी एका मिनिटात वीस वेळा पाठीवरून उठून बसायचं होतं. माझी पावलं धरायला माझी पत्नी चारुलता बसली. तिने ती गुडघ्यांनी दाबून धरली आणि हातांनी मटार सोलले. अर्धा किलो मटार सोलून झाले तेव्हा माझे नऊ झाले होते.

पण खरा घात पाचातल्या चौथ्या भागात, लवचीकतेत होता. पाय लांब करून खोक्याला पावलं टेकवायची, गुडघे न वाकवता हात पुढे न्यायचे, आणि खोक्यावरच्या पट्टीवर बोटं कुठपर्यंत पोचली ते वाचायचं. पट्टीचा तेवीसचा आकडा बरोबर पावलांच्या रेषेवर असतो. पंचेचाळीसच्या वरच्याला वीस पुरे होते. म्हणजे पावलांच्या तीन सेंटिमीटर अलीकडे थांबायची मुभा होती. मला वाटलं कंपनीने इथे तरी दया दाखवली.

हा खोका मी स्वतः केला. टूलरूममधला टाकाऊ प्लाय बाहेर नेण्यासाठी तीन सह्यांचा गेट पास काढला, दोन रविवार घालवले, आणि वर स्टीलची पट्टी दोन स्क्रूंनी बसवली. तेवीसचा आकडा मी काटकोन्या लावून पावलांच्या फळीवर आणला. असा खोका पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत दुसरा नसेल, असं मी चारूला म्हणालो. ती म्हणाली, बसा तर खरं. बसलो. अकरा आले.

यानंतर सल्ले सुरू झाले. आमच्या सोसायटीत दौलतराव म्हणून एक गृहस्थ आहेत. देहूरोडच्या आयुधनिर्माणीत ते स्टोअरमध्ये होते, म्हणजे आयुष्यभर त्यांनी कागदावर बूट आणि ब्लँकेटं मोजली, पण निवृत्त झाल्यापासून ते आपण सीमेवरून परत आल्यासारखे चालतात. त्यांनी मला शिकवणीला घेतलं. पहाटे पार्किंगमध्ये ते शिट्टी वाजवायचे आणि मी दोन खांबांच्या मध्ये पळायचो. आठव्या दिवशी सोसायटीच्या कमिटीचं पत्र आलं की पार्किंगच्या जागेचा वापर वाहनांव्यतिरिक्त अन्य कारणासाठी करायचा असल्यास सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. दौलतरावांनी त्याला सात पानी उत्तर लिहिलं, आणि ते मला वाचून दाखवण्यात आमच्या तीन पहाटा गेल्या. क्लबहाउसमध्ये योगवर्ग घेणाऱ्या सुमनताईंनी माझ्याकडे बराच वेळ बघून सांगितलं की मनात दाबलेला राग मांड्यांच्या मागच्या बाजूला जाऊन बसतो, तो मोकळा करा. मी म्हटलं, कसा करू. त्या म्हणाल्या, लोकांना क्षमा करा. मी दोन दिवस प्रयत्न करून बघितला. कमिटीपाशी येऊन अडलो.

तरीही शरीर हे एक विचित्र यंत्र आहे, घासलं तर सुधारतं. कंपनीची बस चाकणला तळेगाव चौकातल्या कोंडीत रोज पाऊण तास उभी असते. तेवढ्या वेळात मी बसमध्ये दांडीला धरून टाचा वरखाली करायचो. लोक आधी हसले, मग चौघं जण करू लागले, आणि एके दिवशी ड्रायव्हरने गाडी हलतेय म्हणून तक्रार केली. उठून बसण्याचे नवाचे एकवीस झाले. नाडी उतरली, पकड वाढली. पोट पट्ट्याच्या एका भोकाने आत गेलं. चार भाग मापात आले.

लवचीकता येईना. अकराचे तेरा, तेराचे पंधरा, पंधराचे सतरा झाले, आणि सतरावर मी गंज चढलेल्या नटासारखा अडकलो. सोमवारी सतरा, मंगळवारी सतरा, रविवारी दोन वेळा बसलो तर दोन्ही वेळा सतरा. दोन आठवडे असे गेले. मी जेवताना बोलेनासा झालो. दूधवाल्याशी पिशवीतल्या दुधाच्या मापावरून भांडलो. बावन्नाव्या वर्षी मला दुसरी नोकरी कोण देणार हा विचार मी मनात आणत नव्हतो, तो आपोआप येऊन शेजारी बसायचा. पॅकिंग शेडमध्ये उभा राहून मी खोक्यांना पट्ट्या लावतोय, आणि ज्या पोरांना मी मायक्रोमीटर धरायला शिकवलं ती समोरून नजर चुकवून जातायत, हे चित्र मला आंघोळ करतानाही दिसायचं. त्या दिवसांत मला माझी भीती वाटली हे खरं आहे.

आणि एका बुधवारी बसलो तर एकवीस.

मी परत बसलो. एकवीस. चारूला हाक मारली, तिच्यासमोर बसलो, एकवीस. सुमनताईंची क्षमा लागू पडली की दौलतरावांची शिट्टी, ते कळेना, म्हणून दोघांकडेही पेढे पाठवले.  चारूने मला बऱ्याच दिवसांनी दोन वेळा भात वाढला.

चाचणीच्या चार दिवस आधी एचआरच्या विजयश्री मॅडम माझ्याकडे आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण मी त्यांना मॅडम म्हणतो आणि त्या मला सर म्हणतात, त्यामुळे हिशेब बरोबर राहतो. त्यांनी मागवलेला लवचीकतेचा खोका कुरियरवाल्याने आमच्याच नावाशी साम्य असलेल्या दुसऱ्या कंपनीत देऊन टाकला होता आणि तिथल्या लोकांनी तो स्टूल समजून वापरायला घेतला होता. तुमच्याकडे एक आहे असं ऐकलं, त्या म्हणाल्या. आता कुठल्या कारागिराला हे ऐकून बरं वाटणार नाही. मी दुसऱ्या दिवशी खोका बसमधून मांडीवर घेऊन आलो. गेटवरच्या सिक्युरिटीने आत काय आहे विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्याने रजिस्टरात लिहिलं, 'लाकडी खोका, एक नग, आत काही नाही', आणि कशासाठी या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, 'वाकण्यासाठी'.

मग स्टिकरचा प्रश्न आला. कारखान्यात मोजण्याचं साधन म्हटलं की त्यावर माझं हिरवं स्टिकर हवंच. मी पट्टी मापाच्या ठोकळ्यांवर लावून तपासली. प्रत्येक सेंटिमीटर खरा होता, तीस सेंटिमीटरमध्ये केसाएवढाही फरक नव्हता. मी स्टिकर लावलं, तारीख घातली, सही केली. ती पट्टी खोक्यावर कुठे बसली आहे, तेवीसचा आकडा अजून पावलांच्या फळीवर आहे की नाही, हे मी बघितलं नाही. दुसऱ्या कुणी खोका आणला असता तर आधी तेच बघितलं असतं. पण हा मी केला होता.

पहिल्या तुकडीत ऑफिस, स्टोअर आणि क्वालिटी मिळून आम्ही एकोणीस जण होतो. एकोणीसच्या एकोणीस लवचीकतेत पास झाले. विजयश्री मॅडमनी कौतुकाने सांगितलं की आपल्या लोकांची पाठ अपेक्षेपेक्षा फारच चांगली निघाली. माझे एकवीस आले. संध्याकाळी नवनाथ चहा घेऊन माझ्या खोलीत आला. प्रेस शॉपची तुकडी पुढच्या आठवड्यात होती आणि तो महिनाभर पाठीला तेल चोळून रोज वाकत होता. खोका कोपऱ्यात होता. बसून बघू का, म्हणाला. बसला, तोंड वाकडं करत हात पुढे नेले, आणि बावीस आले. पकडीच्या यंत्राचा काटा त्याने आधीच शेवटपर्यंत नेला होता, पोट त्याला नव्हतंच. हा एकच भाग राहिला होता. तो जमिनीवर तसाच बसून राहिला आणि त्याने डोळे पुसले. मग घाम आल्यासारखं करून मानही पुसली.

रविवारी दौलतराव आमच्याकडे चहाला आले आणि माझं यश कसं घडवलं ते मलाच सांगू लागले. ते गेल्यावर चारू कपबशा उचलता उचलता म्हणाली, "त्यांच्या शिट्टीने काही झालेलं नाही. पट्टी मी सरकवली होती."

मला आधी समजलंच नाही. मग तिने सांगितलं. सतरावर अडकलो होतो तेव्हा घरात कुणी गेल्यासारखं वाटत होतं. म्हणून तिने एके दुपारी स्क्रू काढून पट्टी माझ्या बाजूला चार सेंटिमीटर ओढली, नव्या जागी भोकं पाडून परत घट्ट केली, आणि जुनी भोकं पट्टीखाली लपली.

"मला वाटलं दुसऱ्या दिवशी पकडाल," ती म्हणाली. "एवढी मापं बघता. पकडलंत की हसू, आणि निदान त्या दिवशी तरी जेवाल."

"आणि मी तो कंपनीत नेला तेव्हा?"

"तुम्ही म्हणालात स्टिकर लावलं. मला वाटलं नीट करूनच लावलं असेल."

 म्हणजे चारूने जे केलं ते मायेने केलं, आणि मी जे केलं ते सही करून. माझे एकवीस हे सतरा होते. नवनाथचे बावीस अठरा होते. आम्ही दोघंही नापास होतो, फरक एवढाच की माझा निकाल लागून गेला होता आणि त्याचा लागायचा होता.

आता नियम दोन होते हे मी वर सांगितलंच आहे. त्यातला पहिला मी पाळला. सोमवारी मी विजयश्री मॅडमना सांगितलं की खोक्याच्या प्लायला तडा गेला आहे, दुसरा बघा. खोका गेट पास करून घरी आणला. दौलतरावांची करवत मागून आणली, पट्टी काढली, जुनी दोन भोकं बघितली, सगळ्यावर लाल रंग फासला आणि खोक्याचे चार तुकडे केले. ते तुकडे वॉचमनने पाणी तापवायला जाळले. दुसरा नियम, पास झालेले नग परत बोलवायचा, त्याचा मी विचार करतो असं स्वतःला सांगितलं. एकोणीस माणसं परत बोलवायची, त्यात स्टोअरचे एक गृहस्थ निवृत्तीला आठ महिने राहिलेले. आणि त्या एकोणीस जणांत मीही होतो. मी इतरांचा विचार करतोय की माझा, हे मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं.

मी रात्रंदिवस काही केलं असेल तर व्यायाम. बेडरूमचं दार लावून, फरशीवर टेप चिकटवून रोज वाकायचो. मनात असं की निदान मी खरा पास व्हावा, म्हणजे झालेलं खोटं मागच्या तारखेने खरं होईल. नवनाथला मी एवढंच म्हणालो की व्यायाम सोडू नकोस. तो म्हणाला, बावीस हाय की माझं, आता पाठीला जरा सुट्टी देतो. त्याच्या पाठीत कळ येत होती. मला तिथेच सांगता आलं असतं. चहा गार होईपर्यंत मी कपात बघत राहिलो, आणि शिफ्टचा भोंगा झाला.

पुढच्या शुक्रवारी प्रेस शॉपची चाचणी झाली. विजयश्री मॅडमनी चिंचवडच्या एका दवाखान्यातून भाड्याने खोका आणला होता. त्याचं स्टिकर लावण्यासाठी मी तो तपासला, या वेळी तेवीसचा आकडा फळीशी काटकोन्या लावून तपासला. एकदम खरा होता. नवनाथचे अठरा आले. त्याने परत बसू देण्याची विनंती केली. तीन प्रयत्न देतात, तिन्ही अठरा. नियमाबाहेर चौथ्यांदा बसू दिलं, तेव्हा तो हळूच गुडघे वाकवायला लागला आणि चाचणी घेणाऱ्याने हात लावून ते सरळ केले.

दुपारी तो माझ्या खोलीत आला. रागात नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"साहेब, तुमच्या खोक्यावर बावीस आलं व्हतं. ह्याच्यावर अठरा कसं काय? तुमी मापवाले, तुमीच सांगा."

सत्तावीस वर्षांत मला विचारलेला हा सगळ्यात सोपा प्रश्न होता. मी म्हणालो, थंडी वाढलीये, थंडीत पाठ आखडते. त्याने मान हलवली. थंडी आहेच, म्हणाला. आणि जाताना दार हळू लावून गेला, जसं तो नेहमी लावायचा, कारण माझ्या खोलीतल्या काट्यांना हादरा बसू नये हे त्याला मीच शिकवलं होतं.

आठवड्याभरात त्याला पर्यायी कामाचं पत्र मिळालं. दोन दिवस मी चहाला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी मी बसून दोष अहवाल लिहिला, जसा कुठल्याही खोट्या मापाचा लिहितो. साधन, लवचीकता खोका. दोष, पट्टी चार सेंटिमीटर सरकलेली. कारण, तपासनीसाने तपासले नाही. उपाय, एकोणीस नगांची फेरतपासणी. खाली सही केली आणि विजयश्री मॅडमकडे नेला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि दार लावून घेतलं.

"सर, तो बॉक्स कुठेय?"

मी म्हटलं, कापला.

"मग तो चुकीचा होता, हे कशावरून?"

मी म्हटलं, माझ्या बायकोने सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं की पहिल्या तुकडीचा निकाल मुंबईच्या ऑफिसला गेला आहे, आणि जे साधन अस्तित्वातच नाही त्याच्या दोषासाठी एकोणीस लोकांना परत बोलावता येणार नाही. पुरावा कापून टाकायचा नियम आमचा आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग फोटो तरी काढायचा होता. नवनाथची फेरचाचणी घ्या म्हटलं, तर नापास झालेल्यांची सहा महिन्यांनीच घेता येते, म्हणजे जूनमध्ये. पॅकिंग शेड मार्चमध्ये जाणार. हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

"तुमची स्वतःची परत घ्यायची असेल तर तसं लेखी द्या," त्या म्हणाल्या. "पास झालेल्याने मागितली तर अडवणारा नियम नाही."

मी तिथेच लिहून दिलं. लिहिताना मला आपण फार मोठे वाटलो, हे कबूल करायला हवं. वाक्यंही चांगली जमली. पण एक गोष्ट मी त्या अर्जात लिहिली नाही. आदल्या संध्याकाळी बेडरूमच्या फरशीवर, चिकटवलेल्या टेपवर, माझे वीस भरले होते.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या खऱ्या खोक्यावर, माझ्याच सहीच्या स्टिकरखाली, माझे वीस आले. विजयश्री मॅडमनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि अभिनंदन केलं. अहवाल आता फाइल करायची गरज उरली नाही, असं त्या म्हणाल्या.  मला रडायला येत होतं, आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, नोकरी वाचल्याचं बरंही वाटत होतं.

संध्याकाळी बस चुकवून मी पॅकिंग शेडमध्ये गेलो. नवनाथ एकटाच खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. मी त्याला सगळं सांगितलं, चारूची दुपार, भोकं, करवत, लाल रंग, थंडीचं खोटं, आणि आजचे वीस. काहीच मागे ठेवलं नाही. तो हात चालू ठेवून ऐकत होता.

"वैनीनं चांगल्यासाठी केलं," तो म्हणाला. "दवाखान्याच्या खोक्यापाशी बी त्यास्नी पाठवायचं व्हतं." आणि थोडा हसला. मग हात थांबवून त्याने विचारलं, "पर कामून कापलं, साहेब? माझा नंबर हुईपर्यंत तरी ठेवायचं व्हतं."

मी म्हणालो, नियम आहे. खोट्या मापाचे तुकडे करायचे असतात.

"हाव. तुमचं झाल्यावर."

त्याने हे आवाज न चढवता म्हटलं, जसं एखादा कामाचा क्रम सांगावा तसं.  दीक्षाची परीक्षा केव्हा आहे हे विचारायला मी तोंड उघडलं, पण विचारता आलं नाही. मिशी मापात बसते का, तेही त्याने विचारलं नाही. तो पुन्हा कामाला लागला. पट्टी ओढताना तिचं बंडल हातातून निसटून आमच्या दोघांच्या मधे जमिनीवर पडलं. त्याने खाली बघितलं आणि सवयीने आधाराला टेबल धरलं, एका गुडघ्यावर टेकायची तयारी केली.

मी वाकलो. गुडघे न वाकवता सरळ वाकलो, बोटं बंडलापर्यंत पोचली, ते उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"जमायलंय की तुमाला आता," नवनाथ म्हणाला, आणि त्याने पुढचं खोकं ओढून घेतलं.